जनाच्या तीन चिमटी

ताप उतरला म्हणजे आजार गेला, हे तुम्हाला कोणी शिकवलं? खरं सांगा. कपाळाला हात लावायचा, गार लागलं की “सुटलं बाई एकदाचं” म्हणायचं आणि आपल्या कामाला लागायचं. पुढं काय होतं ते बघायला थांबतं कोण? कोंडाण्याची जनाही थांबली नाही. आणि तिचा हात तुमच्याआमच्या हातापेक्षा शंभर हिश्शांनी शहाणा होता, म्हणून तर तिची गोष्ट सांगायची.

जना कुणबीण. कर्जतहून उल्हास नदीच्या कडेनं डोंगराकडं चालत सुटलं की लेण्यांच्या पायाशी कोंडाणं लागतं, तिथली. आई सुईण, आजी सुईण. बाळंतपण, मुरगळलेला पाय, पोरांचे ताप, सगळं त्या घरानं हातावर केलेलं. ताप बघायचा तर तळहात लावायचा नाही, हात उलटा करून मागची बाजू लावायची. तळहात कोयता-खुरपं धरून बहिरा झालेला असतो, असं तिची आई सांगायची.

औषध द्यायचीही त्या घराची रीत होती. अंगठा आणि दोन बोटं यांत मावेल तेवढी पूड म्हणजे एक चिमूट, आणि द्यायच्या तीन. पहिली कुळदेवाची, दुसरी आजाराची, तिसरी माणसाची. एक देऊन भागत नाही, दोन दिल्या तर कुळदेव आणि आजार हमरीतुमरीवर येतात. काडेचिराईत असो, सुंठ असो, वावडिंग असो, तीन म्हणजे तीन. झाडपाल्याची पूड ती. चिमूटभर जास्त गेली तर माणूस तोंड वाकडं करतो, मरत नाही. तीन पिढ्या ती रीत चालली आणि कुणाचं काही बिघडलं नाही. रीत अशीच पक्की होते, आणि पक्की झाली की तिला कुणी काही विचारत नाही.

जनाची पहिली तीन मुलं पाळण्यातच गेली. चौथी मुलगी झाली तेव्हा तिला फाटक्या फडक्यात गुंडाळून उकिरड्यावर ठेवली, आणि शेजारणीनं सूपभर कोंडा देऊन ती ‘विकत’ घेतली. कुणाची नजर जाऊ नये, मरणालाही वाटावं की हा कचरा आहे, म्हणून नाव ठेवलं चिंधी. मरण फसलं. पोर वाचली. पण पाचव्या वर्षापासून तिला तिजारा लागला. एक दिवस आड हुडहुडी भरायची, मग अंगाची भट्टी, मग घाम, की पोर उठून भाकर मागायची. डाव्या बरगडीखाली पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढून दगडासारखी झाली होती. आमच्या डोंगरपट्टीत तेव्हा घरटी एक असं पोर असायचंच. जनाला चिंधीचा ताप स्वतःच्या श्वासासारखा ओळखीचा होता: आज येणार, दुपारी चढणार, कातरवेळी घाम फुटणार.

नवरा लवकर गेला. चिंधीचं लग्न मालोजी नावाच्या गिरणीतल्या गड्याशी झालं आणि ती मुंबईला गेली. जना एकटी राहिली.

अठराशे शहाण्णवच्या अखेरीस मुंबईत गाठीचा ताप आला. प्लेग. माणसं गाड्या भरभरून पळायला लागली आणि सरकारनं ठिकठिकाणी गाड्या अडवायला सुरुवात केली. कर्जतलाही रुळांच्या बाजूला बांबूच्या तट्ट्यांची शेड उभी राहिली. उतरेल त्याला रांगेत उभं करायचं, अंग तापलं असेल तर नदीकडच्या छावणीत टाकायचं. साहेबाचा कायदा एका ओळीचा: ताप म्हणजे छावणी. ताप कसला, कधीपासूनचा, हे विचारायला कायद्याला तोंड नव्हतं.

पण बायका पुरुषाला गाठ चाचपायला काखेत हात घालू देईनात. दवाखान्याचा डागदर जनाला ओळखत होता. त्यानं तिला बोलावून घेतलं, दंडाला लाल पट्टी बांधली आणि बायकांच्या रांगेपुढं उभं केलं.

लोक काय काय बोलायचे!

“काय गं पोलीसबाय, काखंत हंडा लपवलाय व्हय आमी?”

“हंडा असता तर बरा,” जना म्हणायची, “पाणी तरी प्याला असता. हात वर कर.”

“हिच्या म्हाताऱ्या आयनं माझं बाळंतपण केलं, आन् ही मलाच चोर समजती!”

“चोर न्हाय गं, चोराला मी सोडते. तापकऱ्याला न्हाय.”

आणि खरंच सोडत नसे. तिला त्याचा गर्व होता, कशाला लपवायचं? दोन महिन्यांत तिच्या उलट्या हातातून एक तापलेली बाई निसटली नाही. डागदर बायकांच्या तोंडात पाऱ्याची कांडीसुद्धा घालत नसे. “जनाचा हात लागला ना? मग झालं,” म्हणायचा. अडाणी कुणबिणीला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी “मग झालं” म्हणत होतं.

मग आली शेलूची ठकी.

ठकी मुंबईत पापड लाटून पोट भरायची. रांगेत तिचा नंबर आला तेव्हा कपाळ गार होतं, घामानं ओलं. जनानं तिला जवळजवळ पुढं ढकललीच होती. पण मनगटाशी बोटं गेली आणि नाडी उंदरासारखी पळताना लागली. गार अंगाची नाडी अशी पळत नाही. जनानं तिला बाजूला बसवली. घटकाभरानं अंग पुन्हा तापायला लागलं.

“काय खाल्लंस गं?”

ठकीनं अंबाड्यातून कागदाची पुडी काढली. आत पांढरी, चमचमणारी पूड. “थंड पूड म्हनत्यात. मुंबयला आमच्या चाळीत समद्यांकडं हाय. खाल्ली की घाम फुटतो आन् आंग बर्फ. बाय गं, हिवताप हाय माझा, गाठबीठ काय न्हाय, बघ की. मला सोड. तुझ्या लेकीसारखी मी.”

“माझी लेक हितं असती तरी बसवली असती,” जना म्हणाली.

बोललेलं ध्यानात ठेवा.

ठकी छावणीत गेली. नऊ दिवसांनी छावणीतच संपली. हिवतापानं, का शेजारच्या खाटेवरच्या प्लेगनं, कुणी बघितलं नाही. जनानं त्या महिन्यात अकरा बायका आत जाताना पाहिल्या होत्या. चालत बाहेर आल्या दोन.

ती पुडी जनानं डागदरला दाखवली. त्यानं बोटावर घेऊन पाहिली, म्हणाला, “अँटिफेब्रिन. विलायतेकडं दगडी कोळशाच्या डांबरापासून करतात. झाड नाही, मूळ नाही, माणसानं शिजवलेली चीज. मीही देतो दवाखान्यात, पण काट्यावर तोलून, दोन गुंजा. ही ताप मारते, रोगाला हात लावत नाही. आणि जास्त झाली की ओठ निळे पडतात, काळीज बसतं.”

“मंग फेकू?”

“ठेव तिकडं फळीवर.” तेवढ्यात गाडी आली आणि तो उठून गेला.

जनानं सगळं ऐकलं. पण ऐकलेल्यातलं माणूस हवं तेवढंच बरोबर नेतं. तिनं नेलं ते एवढं: ही ताप मारते. आणि पुडी फळीवर न ठेवता तिनं कंबरेला खोचली. का? तिला विचारलं असतं तर तिलाही सांगता आलं नसतं.

होळी होऊन आठवडा झाला असेल. सकाळच्या गाडीतून साठ-सत्तर माणसं उतरली. नेमका त्याच दिवशी गोरा साहेब तपासणीला आला होता, खुर्ची टाकून शेडच्या तोंडाशी बसलेला. बाईच्या हातावर त्याचा विश्वास नव्हता. हुकूम झाला: आज प्रत्येकीच्या तोंडात पारा. जनानं फक्त रांग लावायची.

रांग लावताना तिनं मान वर केली आणि शेवटून चौथी चिंधी दिसली.

डोक्यावर बोचकं, डोळे लाल, गाल पेटलेले. जनाला हात लावायचीही गरज नव्हती. तिजाऱ्याचा दिवस. चढता ताप. पोरीनं आईला बघितलं आणि हसली. आता आपण घरी पोचलो, असं हसली.

“आये.”

“बोलू नगंस. कुठं गाठ हाय का? खरं सांग.”

“न्हाय गं. त्योच हाय आपला जुना. परवा आला हुता, आज आला. त्यांनी गाडीत बसवली, म्हनाले आयकडं जा.” मग तिनं शेडच्या तोंडाशी बघितलं. “आये, मला छावनीत घालतील?”

जनानं तिच्या काखेत, जांघेत हात घालून बघितलं. काही नव्हतं. डागदरकडं जाऊन सांगावं? साहेबासमोर डागदरची मान खाली. सांगून ऐकणार कोण, एक कुणबीण म्हणते म्हणून? तिच्या डोळ्यांपुढं आत गेलेल्या अकरा बायका आल्या. त्यात ठकी सगळ्यांत पुढं.

चिंधीचा नंबर यायला अजून दीड-दोन तास होते. जनानं पाण्याचा तांब्या उचलला, कंबरेची पुडी सोडली. दोन गुंजा म्हणाला होता डागदर. तिथं काटा कुठला, गुंज कुठली? तिच्याजवळ होती तिची तीन बोटं. आणि आईची रीत.

पहिली कुळदेवाची. दुसरी आजाराची. तिसरी माणसाची.

“गिळ. वरनं पाणी पी.”

“कडू न्हाय गं ही?”

“न्हाय. शाणी हाय ही.”

तासाभरात चिंधीच्या कपाळावर घाम उभा राहिला. मानेवरून पाणी वाहायला लागलं. जनानं उलटा हात लावला आणि तिला उभ्या उभ्या हसू आलं. गार! जन्मभराची ओळख असलेला ताप दुपार व्हायच्या आत पळाला होता. साहेबापुढं पारा लावला, पारा खाली राहिला, साहेबानं मान हलवली. पास.

आता माझा संताप होतो तो इथं. नाडी का नाही बघितली जनानं? ठकीची बघितली होती! परक्या बाईच्या मनगटाला तिची बोटं आपोआप गेली, आणि पोटच्या पोरीचं कपाळ गार लागल्यावर तिथंच थांबली. हवं ते मिळालं की हात आंधळा होतो. घाम फुटला म्हणजे ताप सुटला, आणि सुटला म्हणजे माणूस भाकर खाऊन कामाला लागतो, हे तिनं चिंधीच्या बाबतीत शेकडो वेळा बघितलेलं. या वेळचा घाम तापाचा नव्हता, पुडीचा होता.

तिचा दीर धाकलू मीठ-मिरची न्यायला बाजारात आला होता. जनानं त्याला तट्ट्याबाहेर गाठलं.

“भावजी, पोरीला घरी न्या. बिगी बिगी चला, फिरून कोन बोलवील.” उरलेली पुडी तिनं चिंधीच्या पदराला बांधली. “वाटंत हुडहुडी आली तर घे. तशीच. तीन.”

“आन् तू?”

“सांजच्या गाडीनंतर येते. नाचणीचं पीठ हाय डब्यात.”

आई लेकीला शेवटचं बोलली ते हे. नाचणीचं पीठ.

दुपार कलली तेव्हा धाकलू परत आला. एकटा. शेडमध्ये यायला धजेना, तट्ट्याच्या फटीतून हाक मारली.

“वयनी, भाईर ये.”

जना गेली. त्याच्या हातात चिंधीचं बोचकं होतं.

“नदीपतूर बरी चालली,” तो सांगायला लागला, एकेक शब्द दगडासारखा उचलत. “मंग म्हनाली थंडी वाजती काका. पदराची पुडी सोडली, खाल्ली, डोहातलं पानी प्याली. मी म्हनलं बस जरा. म्हनाली, आय म्हनाली बिगी बिगी चला. पुढं चढावर चार पावलं जायची, उभी ऱ्हायची. म्हनाली काका, माझ्या छातीत कोन नाचतंय. मी बगितलं तर व्हट... वयनी, जांभूळ खाल्ल्यावानी व्हट. नखं बी. खाली बसली. मी पाठीवर घेतली, पळालो. वाडीच्या अलीकडं हातातनं गेली.”

जनानं विचारलं ते एवढंच: “अंग कसं हुतं?”

“गार,” धाकलू म्हणाला. “एकदम गार.”

कोंडाण्यात पोलीस पाटील होते भिवाजी. वयानं मोठे, वाईट माणूस नव्हे. मढं अंगणात होतं आणि ते जनाला बाजूला घेऊन बसले.

“जने, पोर मुंबयची. मेल्याचं कारन लिवून द्यावं लागल. कारन न्हाय दिलं तर काय हुईल ठावं हाय? गाठीचा ताप समजून पल्टन येईल. कौलं उतरवतील, भुई खनतील, समद्या गावाला रानात बसवतील. चाळीस घरं हायत.” मग आवाज उतरवून म्हणाले, “व्हट निळे हायत. पान लागलं म्हनू.”

पान लागलं म्हणजे साप चावला. आमच्याकडं त्याचं नाव घेत नाहीत.

“साप न्हवता पाटील,” जना म्हणाली. “मी हुते.”

“येडी झालीस? मानसं ऐकत्यात.”

चाळीस घरं. चिंधीच्या घोट्याजवळ बाभळीचा काटा टोचून दोन खुणा केल्या गेल्या, कुणी विचारलं तर दाखवायला. आईच्या डोळ्यांदेखत. तालुक्याच्या वहीत लिहिलं गेलं: चिंधी, कोंडाणे, सर्पदंश. जिला मरण फसवायला कचऱ्याचं नाव दिलं, तिचं मरणही खोटंच नोंदलं.

सुतक फिटल्यावर जना डागदरकडं गेली आणि सगळं सांगितलं.

“किती दिलीस?”

“तीन चिमटी. वाटंत तिनं उरलेली घेतली.”

“अगं, रक्त आधीच पाण्यासारखं त्या पोरीचं, वर्षानुवर्षांच्या हिवतापानं. त्यात एवढी! आणि वर चढण चालवलीस!” मग दाराकडं बघून, हळू आवाजात, “बसवून ठेवली असतीस तर कदाचित... जाऊ दे. कुठं बोलू नको. तुझी भाकरी जाईल, माझीही.”

“डागदरसायेब, वहीत साप लिवलाय. खोडा.”

“खोडून काय लिहू? पुडी कुठून आली? शेडमधून! कुणी दिली? तपासणीच्या बाईनं! मला फासावर चढव त्यापेक्षा.”

वही कधीच बदलली नाही. बदलणारे कोण लागतात तिचे?

मग जनानं आपली वही काढली: तोंड. कर्जतच्या बाजारात, भर दुपारी, दंडाची लाल पट्टी सोडून तिनं हातात धरली आणि ओरडून सांगितलं. “बायांनो, ऐका गं! थंड पूड घेऊ नगा. माझी चिंधी तिनं मेली. मी दिली माझ्या हातानं. साहेबाच्या पाऱ्याला फसवलं, आन् पोर वाटंत मेली!”

बाजार थांबला. बायका जवळ आल्या. जनाला वाटलं, ऐकलं. मग एकीनं तिला कोपऱ्यात ओढलं आणि कानाशी तोंड नेलं.

“साहेबाच्या पाऱ्याला खरंच फसवती? मंग कुठं मिळती गं ती?”

तिच्यामागून दुसरी आली. तिसरी आली. लेकीचं मरण सांगितलं, आणि पुडीची दवंडी पिटली गेली! शिव्या द्याव्यात त्या बायकांना? द्या खुशाल, पण त्याआधी स्वतःचं माणूस त्या छावणीच्या दारात उभं करून बघा. मीही देणार होतो. नाही दिल्या.

नोकरी त्याच दिवशी गेली. गावात पाटलांनी बोलणं टाकलं, कारण तिच्या तोंडानं चाळीस घरं धोक्यात आली. धाकलू तेवढा भाकरी आणून द्यायचा.

स्टेशनाबाहेर, कोंडाण्याकडं फुटणाऱ्या वाटेवर एक उंबर होता, जना त्याच्या खाली जाऊन बसली. ती उठलीच नाही म्हणा. पास झालेल्या बायका तिथून चालत निघायच्या. आता ती पुड्या खाऊ नका म्हणत नव्हती, ते तिनं बाजारात सोडलं. ती फक्त हाक मारायची.

“ए बाय, हिकडं ये. हात दाव.”

“झाली की तपासनी!”

“त्यांची झाली. माझी न्हाय.”

कपाळाला ती आता हात लावतच नसे. मनगट धरायची, नखं बघायची, खालचा ओठ अंगठ्यानं उलटवायची. गार अंग आणि पळती नाडी दिसली की पदर धरून खाली ओढायची. “बस. दिस मावळंपतूर बस. चाललीस तर मरशील.”

“कोन गं तू मला बसवनारी?”

“मी माझ्या लेकीला चालवली. म्हनून तुला बसवते.”

काही हात झटकून जायच्या. काही बसायच्या. ओठांना रंग परत आला की जना त्यांना उठू द्यायची, आणि ताप पुन्हा आला तर दवाखान्यात जाऊन हिवतापाचं ते कडू कोयनेल माग, म्हणायची. बसलेल्या किती वाचल्या ते कुणी मोजलं नाही. वाचलेल्यांची वही सरकार ठेवत नाही.

एक बाई, खालापूरकडची मोतीबाई, पुढच्या वर्षी मुद्दाम उंबराखाली आली. कडेवर मूल होतं.

“वळखलंस का? ग्येल्या साली दोरीनं बांधल्यावानी बसवलं हुतंस मला. लय शिव्या दिल्या मी तुला.”

“शिव्या न्हाय ध्यानात,” जना म्हणाली. “व्हट ध्यानात हाय तुझा.” आणि बाईच्या मुलाचा चिमुकला हात उलटून तिनं नखं बघितली.

प्लेगची शेड पुढं मोडली, तट्ट्या लोकांनी गोठ्यांना नेल्या. पुडी राहिली. दुकानादुकानांत, डोकेदुखीवर, अंगदुखीवर, नाव बदलून. जनाही राहिली उंबराखाली, सहा-सात वर्षं. शेवटी तिला तिजाऱ्यानंच धरलं. धाकलूनं आणलेली पांढरी पुडी तिनं हुंगली, जमिनीवर ओतली आणि पायानं मातीत मिसळली. तापातच गेली. त्या दिवशी तिचं अंग शेवटपर्यंत कढत होतं, असं धाकलू सांगायचा.

वहीत चिंधीला अजून साप चावलेलाच आहे. ते तुमच्या हातात नाही, माझ्याही नाही. पण एक गोष्ट हातात आहे. तुमच्या घरात आज कुणी तापलं असेल आणि गोळीनं, पुडीनं ते अंग गार झालं असेल, तर लगेच त्याला उठवू नका, कामाला लावू नका, वाटेला लावू नका. त्याच्याजवळ बसा. मनगट धरा, ओठ बघा. आणि कपाळावरचा तो हात, कृपा करून, तेवढ्यावरच थांबवू नका.